वाचकांचे प्रश्न : अर्ध्या वस्त्राची उरलेली गोष्ट

मागील अंकात या स्तंभात अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्यांविषयी थोडे लिहिले होते. अशा कादंबऱ्यांच्या दुसऱ्या भागात दगा, क्षमा आणि प्रायश्चित्त यांची जी मांडणी होते तिच्याविषयी वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, अशी विनंतीही केली होती. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून संक्षेपाने देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण ते लिहिणारी वाचक स्वतः अशी कादंबरी लिहीत आहे आणि तिच्या अडचणीत इतरांचेही पुष्कळसे प्रश्न सामावलेले आहेत.

प्रश्न : मी नागपूरला प्रतापनगर भागात राहते आणि नोकरी सांभाळून लिहिते. माझ्या कादंबरीचा पहिला भाग पूर्ण झाला असून आमच्या वाचनमंडळातील बाराजणींनी तो हस्तलिखितात वाचला आहे. माझी नायिका जंगलातल्या एका तळ्याची राखणदार आहे. तिच्या शब्दासरशी तळ्याचे पाणी चढते आणि उतरते. नायक शेजारच्या राज्याचा दूत आहे. तो तिच्या प्रेमात पडतो, तिच्याकडून पाण्याचा मंत्र शिकतो आणि शेवटच्या प्रकरणात तो मंत्र आपल्या राजाच्या हवाली करतो. तळे आटते आणि नायिकेची वस्ती उजाड होते. दुसऱ्या भागात त्याला पश्चात्ताप व्हावा आणि दोघे पुन्हा एकत्र यावेत, अशी माझी इच्छा आहे. सहा मैत्रिणी म्हणतात की क्षमा करूच नये. उरलेल्या सहाजणींचा सल्ला असा, की त्याच्या आईला राजाने ओलीस ठेवले होते असे दाखवावे, म्हणजे प्रश्न सुटेल. क्षमेचे प्रकरण मी चार वेळा लिहिले. चारही वेळा नायक कोरड्या तळ्याकाठी गुडघे टेकून दीर्घ भाषण करतो, नायिका रडते आणि त्याला उठवते. चारही वेळा ते मला खोटे वाटले. काय चुकत असावे?

उत्तर : ओलीस ठेवलेल्या आईचा उपाय स्वीकारू नका, हे आधीच सांगते. आई वाचावी म्हणून त्याने मंत्र दिला असे दुसऱ्या भागात उघड झाले, की पहिल्या भागात घडलेला दगा हा दगा राहत नाही, तो गैरसमज ठरतो. आणि गैरसमजाचा उलगडा करावा लागतो, त्याला क्षमा करण्याचे कारणच उरत नाही. ज्या जखमेसाठी तुम्ही एक संपूर्ण भाग खर्ची घातला ती जखम मुळात नव्हतीच, असे वाचकाला सांगण्याची वेळ येईल. ‘क्षमा करूच नये’ म्हणणाऱ्या सहाजणींनी तुमच्या पहिल्या भागाचा अधिक मान राखला आहे, असे मला वाटते. त्यांचे म्हणणे शेवटी तुम्ही मान्य केले नाही तरी त्यांचा राग प्रत्येक प्रकरण लिहिताना समोर असू द्या.

तुम्ही विदर्भात बसून हे लिहीत आहात, म्हणून विदर्भाच्याच राजकन्येकडे तुम्हाला घेऊन जावेसे वाटते. दमयंती ही कुंडिनपूरच्या भीमराजाची कन्या. मराठी वाचकाला तिची ओळख बहुधा रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून, हंसाच्या आणि स्वयंवराच्या प्रसंगांनी होते. श्रीहर्षाचे नैषधीयचरित 22 सर्गांचे आहे, तरीही ते विवाह आणि त्यानंतरचे सुखाचे दिवस यांच्या पुढे जात नाही. कवींनी या कथेचा पहिला भाग असा पुन्हा पुन्हा सजवला आणि दुसरा भाग महाभारताच्या वनपर्वात राहिला. तेथे बृहदश्व ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात. ज्याने द्यूतात राज्य घालवले आणि पत्नीलाही पणाला लावले, त्याच्या कानांवर ती वनवासात पडते. ऐकणाऱ्याची ही निवड मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

नलाने दमयंतीला पणाला लावले नाही. द्यूतात त्याचे राज्य जिंकलेल्या त्याच्या भावाने, पुष्कराने, तसे सुचवले तेव्हा तो काही न बोलता उठून गेला. त्याचा अपराध पुढचा आहे. वनात पक्ष्यांचे रूप घेतलेल्या फाशांनी त्याचे वस्त्र पळवले, तेव्हा दोघे एकाच वस्त्रात राहिले. आणि ती गाढ झोपलेली असताना त्याने त्या वस्त्राचा अर्धा भाग तलवारीने कापून घेतला आणि तो निघून गेला. त्याच्या अंगात कली शिरला होता, हे व्यास आधीच सांगून ठेवतात, परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहीत. नल जातो, परत येतो, तिच्याकडे पाहून रडतो, पुन्हा जातो. त्याचे मन झोक्यासारखे येरझारा घालते. आपण काय करीत आहोत हे त्याला कळत होते, हे त्या येरझारांतून आपल्याला कळते. तुमच्या दूताने मंत्र राजाच्या हाती देण्यापूर्वीची रात्र कशी काढली, हे पहिल्या भागात लिहिलेले नसेल तर दुसऱ्या भागात ते कोठेतरी यावे लागेल, आणि ते त्याचा बचाव म्हणून येता कामा नये.

आता तुमच्या चार मसुद्यांकडे येते. चारही मसुद्यांत बोलणारा तो आहे आणि रडणारी ती आहे. वनपर्वात याच्या उलट घडते. शोध दमयंती घेते. अजगर, उन्मत्त हत्तींनी तुडवलेला तांडा आणि चेदीच्या राजवाड्यातील सैरंध्रीपण यांतून ती माहेरी पोहोचते आणि देशोदेशी ब्राह्मण पाठवते. प्रत्येकाने राजसभांत जाऊन एकच श्लोक म्हणायचा असतो : माझे अर्धे वस्त्र कापून, वनात निजलेल्या आणि तुझ्यावर जीव असलेल्या प्रियेला टाकून, अरे कितवा, तू कोठे गेलास? कितव म्हणजे जुगारी आणि कितव म्हणजे लबाडही. परंतु तोच श्लोक ‘प्रिय’ या संबोधनाने संपतो. आरोप आणि आर्जव एकाच श्वासात आहेत, आणि एकामुळे दुसरे तसूभरही सौम्य होत नाही. तुमच्या नायिकेचे पहिले वाक्य या जातीचे असावे. (कालिदासाच्या मेघदूतात यक्षपत्नीही नवऱ्याला ‘कितव’ म्हणते, तो दुसरीशी रमत असल्याचे स्वप्न पडून ती रडत जागी झालेली असते आणि मग मनातल्या मनात हसून त्याला ते सांगते. ज्या रामगिरीवर यक्षाला ही आठवण येते तो आपला रामटेक होय, असे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी मांडले. एकच शब्द एका घरात लाडाचा आणि दुसऱ्या घरात अभियोगाचा ठरतो, हे लिहिणाऱ्याने जपून ठेवण्यासारखे आहे.)

अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी असलेला कुरूप बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नलच, त्या श्लोकाला उत्तर देतो, आणि ते उत्तर अपुरे आहे. कुलीन स्त्रिया संकटातही स्वतःचे रक्षण करतात आणि दुर्दैवाने घेरलेल्या पतीवर रागावत नाहीत, असे तो म्हणतो. पहिली क्षमायाचना बहुधा अशीच असते. तिच्यात मागणाऱ्याची स्वतःविषयीची कीव अधिक असते. दमयंती ते ऐकून धावत जात नाही. ती दुसऱ्या स्वयंवराची वार्ता अयोध्येला धाडते, तीही उद्या सूर्योदयाला आहे अशी, कारण एवढे अंतर एका दिवसात कापणारा सारथी जगात एकच असल्याचे तिला ठाऊक असते. तो आल्यावरही ती समोर येत नाही. तिची दासी केशिनी त्याच्यावर नजर ठेवते आणि सांगते, की ठेंगण्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होते. रिकाम्या भांड्याकडे त्याने पाहिले की ते पाण्याने भरते. हातात चुरगळलेली फुले अधिकच टवटवीत होतात. त्याच्या हातचे अन्न दमयंती चाखून पाहते, मुलांना त्याच्याकडे पाठवते. एवढे झाल्यावर, काषाय वस्त्रातली, जटा वाढलेली, धुळीने माखलेली दमयंती त्याला विचारते : बाहुका, झोपलेल्या बायकोला रानात टाकून गेलेला कोणी धर्मज्ञ पुरुष तू पूर्वी पाहिला आहेस काय? तो नलच आहे याची तिला आता फारशी शंका राहिलेली नाही, तरीही ती प्रश्न तिसऱ्याच माणसाविषयी विचारते, म्हणजे त्याने स्वतःच्या तोंडाने ‘तो मी’ म्हणावे.

तुमच्या चारही मसुद्यांत हा प्रश्न नाही. नायिका रडली आणि तिने त्याला उठवले. तिने विचारले काय? तिचा प्रश्न सापडेपर्यंत क्षमेचे प्रकरण बाजूला ठेवा. तो प्रश्न प्रेमाविषयीचा नसून पाण्याविषयीचा असावा, असे मला वाटते.

नायकाचे काय करावे, याचेही उत्तर त्या कथेत आहे. दमयंतीला टाकून निघाल्यावर नल वणव्यात अडकलेल्या कर्कोटक नागाला उचलून बाहेर काढतो. नाग त्याला पावले मोजायला सांगतो आणि दहाव्या पावलाला डसतो. ‘दश’ म्हणजे दहा आणि ‘दश’ म्हणजे डस, असा त्यात श्लेषही आहे. या उपकाराची परतफेड कुरूपतेने होते, परंतु ते विष नलाला न जाळता आत बसलेल्या कलीला जाळीत राहते. पुढे तो परक्या घरी घोडे राखतो, स्वयंपाक करतो आणि रोज संध्याकाळी एकच श्लोक म्हणतो : भुकेली, तहानलेली, दमलेली ती बिचारी, त्या मूर्खाची आठवण काढीत आज कोठे निजली असेल? ऐकणाऱ्या सोबत्याला हा मूर्ख कोण हे माहीत नसते. ज्या पश्चात्तापाला प्रेक्षक नाही त्यावर वाचकाचा विश्वास बसतो. तुमच्या नायकाचे तळ्याकाठचे भाषण मला म्हणूनच अकाली वाटते. ज्या द्यूताने नल बुडाला त्याचेच मर्म, म्हणजे अक्षहृदय, तो ऋतुपर्णाकडून शिकतो तेव्हा कली त्याच्या देहातून बाहेर पडतो, हेही लक्षात घ्या. आपला कमकुवतपणा नेमका कोठे होता, हे कळल्यावर त्याची सुटका होते.

तुमच्या दूताने पाणी म्हणजे एक मंत्र समजून ते विकले. पाणी राखण्यासाठी काय करावे लागते हे त्याला हातांनी शिकू द्या. आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत कोहळी समाजाच्या कसबाने उभे राहिलेले जुने तलाव आहेत, ज्यांना लोक मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पाळ कशी बांधतात, सांडवा कोठे ठेवतात, गाळ कधी काढतात, हे तेथे जाऊन पाहा आणि कादंबरीतल्या कोणत्या तरी दूरच्या गावी, जेथे त्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, त्याला दोन उन्हाळे गाळ काढू द्या. नायिकेला हे तेव्हाच कळावे, अशी व्यवस्था मात्र करू नका.

प्रश्न : मी रामटेकला शिक्षक आहे. आपण कारण दाखवून अपराध सौम्य करण्याच्या विरुद्ध दिसता. परंतु अद्भुताच्या कथेत शाप, मोहिनी आणि विस्मृती असणारच. कालिदासानेही दुर्वासांचा शाप आणून दुष्यंताला निर्दोष केले. त्यात दोष तो काय?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि उदाहरणही योग्य निवडले आहे. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते आणि तरीही तो भरसभेत शकुंतलेला ओळख देत नाही. शाप आणि अंगठी यांची योजना शाकुंतलात आली. परंतु कालिदासाने शापाचा उपयोग केव्हा केला, याकडे आपण पाहावे. पाचव्या अंकात राजा तिला नाकारतो. सहाव्या अंकात कोळ्याकडून अंगठी मिळते, त्याला सर्व आठवते आणि तो स्वतःला दोष देत झुरतो. आपल्या विस्मृतीचे कारण त्याला या वेळी माहीत नाही. सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात ती दिसताच तो तिच्या पाया पडतो, आणि शापाची हकीकत मारीच ऋषी त्यानंतर सांगतात. आपण निर्दोष आहोत हे कळण्याच्या आधी त्याने पूर्ण अपराध पदरात घेतलेला असतो. हा क्रम उलटा असता, तर सातवा अंक एखाद्या खटल्याच्या निकालासारखा झाला असता.

त्याच अंकात राजा तिच्या पापणीला अडकलेला अश्रू पुसतो आणि म्हणतो, की त्या दिवशी ओठावर ओघळलेल्या अश्रूची मी उपेक्षा केली होती. क्षमा मागणाऱ्याला इतकी बारीक गोष्ट आठवत असावी, अशी अपेक्षा प्रत्येक लेखकाकडून करावी असे मला वाटते. यानंतर तो अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो तेव्हा ती म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ती आपल्या बोटात घालावी. नवऱ्याला तिने क्षमा केली आहे आणि तरीही तिच्यात काहीतरी सावध झालेले आहे, ते कायम राहणार आहे. वर्गात हा अंक शिकवताना मुलांना या वाक्यापाशी अवश्य थांबवा; घाईत ते निसटून जाते.

एक मतभेदही नोंदवते. राजा पायाशी असताना शकुंतला घडल्या प्रकाराचा दोष आपल्याच पूर्वकर्माला देते. त्या काळच्या श्रद्धेत ते बसते, परंतु आज लिहिणाऱ्याने ते उचलू नये. दगा सोसलेल्या व्यक्तीने स्वतःचाच दोष शोधून दुसऱ्याची वाट मोकळी केली, तर पायाशी पडलेल्या माणसाला आपल्या अपराधाचे वजन कधी कळणारच नाही.

शाप वापरायचाच असेल तर आपल्या परंपरेतला उःशाप नीट समजून घ्यावा. शाप कशाने सुटेल याची अट कथेत आधीच घातलेली असते आणि वाचक ती जाणून असतो. आजच्या पुष्कळ कादंबऱ्यांच्या दुसऱ्या भागात जादूचा नवा नियम ऐनवेळी अवतरतो आणि नायकाची सुटका करतो. पहिल्या भागात ज्याचा उल्लेखही नव्हता अशा मोहिनीवर दोष टाकणे ही वाचकाशी केलेली फसवणूक आहे, असे मी मानते.

प्रश्न : माझी नात सतरा वर्षांची आहे. ती अशा कादंबऱ्यांचे भाग एकामागून एक वाचते, बहुतेक इंग्रजीतून. तिच्याशी बोलल्यावर समजले, की त्यातला नायक नायिकेला फसवतो, बंदिवासात टाकतो, आणि पुढच्या भागात ती त्याला क्षमा करून त्याची राणी होते. मला फार काळजी वाटते. आयुष्यातही असेच सोसायचे असते, असे तिला वाटू लागले तर? — एक आजी, धंतोली

उत्तर : आजी, आपली काळजी मी हलकी लेखत नाही. अनेक वर्षांपूर्वी एका हस्तलिखितावर मी संपादक म्हणून काम केले होते. त्यातली नायिका फसवणूक झाल्यानंतर सात प्रकरणे नायकाशी बोलतच नव्हती. कथा रेंगाळते आहे, असे सांगून मी त्या लेखिकेकडून ती सात प्रकरणे दोनवर आणवली. पुस्तक निघाले, बऱ्यापैकी वाचलेही गेले. पुढे एका वाचक मुलीने मला विचारले, की तिने इतक्या लवकर का माफ केले, तिला दुसरे कोणी नव्हते का? मी त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकले नाही. तिचे मौन हीच त्या कथेची खरी घटना होती आणि ती मी कापली होती, याचे दुःख मला आजही आहे.

म्हणून नातीला पुस्तकांपासून तोडू नका, एवढी विनंती आहे. ती वाचते आहे त्यातला एखादा भाग तिच्याकडून ऐका आणि तिला काही गोष्टी विचारा. क्षमा केल्यावर त्या नायिकेला काय मिळाले आणि तिने काय गमावले? क्षमा न करता निघून जाण्याची वाट लेखिकेने तिच्यासाठी उघडी ठेवली होती का? ती वाट बंद असेल तर क्षमेला अर्थ उरत नाही, ती शरणागती होते. दमयंती माहेरी होती, तिच्या मागे आईवडील होते, मुले सुरक्षित होती, आणि नलाशिवायही तिचे दिवस गेले असते. अशा ठिकाणी उभी राहून तिने त्याला बोलावले. बंदिवासातल्या नायिकेने त्याच पहारेकऱ्याला केलेली क्षमा आणि ही क्षमा यांत फार अंतर आहे, आणि सतराव्या वर्षी ते अंतर सहज समजते. मोठ्यांनी ते एकदा बोलून दाखवावे लागते.

आणखी एक गोष्ट तिला सांगता येईल. क्षमा करणे आणि परत जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मनातला दाह शांत व्हावा म्हणून एखादी व्यक्ती क्षमा करू शकते आणि त्या माणसाचे तोंडही पुन्हा पाहत नाही. प्रेमकादंबरी या दोन क्रिया एकत्र बांधते, कारण शेवटी मीलन व्हावे अशी त्या प्रकाराची मागणी असते आणि वाचकही ते मीलन मागूनच पुस्तक उघडतो. ही त्या साहित्यप्रकाराची रीत आहे. घरातल्या, ओळखीतल्या माणसांना ती लागू होत नाही, हे आपण नातीला आपल्या अनुभवाच्या आधाराने सांगू शकाल. ते काम कोणतेही पुस्तक आपल्याइतके चांगले करणार नाही.

प्रश्न : मी महाल भागात वाढलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तिला वेशीबाहेर नेऊन जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसले घराण्यातली बांकाबाई, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फितुरीला या शहराने क्षमा केलेली नाही. मग कादंबरीकारांनाच क्षमेचा एवढा सोस का?

उत्तर : 19व्या शतकापासून चालत आलेल्या त्या मिरवणुकीत मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेले आहे आणि त्या घोषणेतला आवेश मला ठाऊक आहे. बांकाबाईंच्या कथेत इतिहास किती आणि लोकांचा संताप किती, हा वेगळा विषय आहे; परंतु फितुरीची जखम एका माणसाची नसते, ती साऱ्या वस्तीची असते, हे मारबत दरवर्षी सांगते.

आपल्या प्रश्नामुळे पहिल्या पत्रातल्या एका मोठ्या अडचणीकडे माझे लक्ष गेले. तेथे तळे आटले आहे आणि वस्ती उजाड झाली आहे. नायिका क्षमा करील ती स्वतःच्या फसवणुकीला. ज्यांची शेते करपली, ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिला कोणी दिला? नलाने शेवटी पुष्कराला एकाच डावात हरवले आणि त्याला जीवदान देऊन त्याचा वाटाही परत केला. कलीने केलेले मी तुझ्या माथी मारणार नाही, असे तो म्हणाला. ते त्याला शोभले, कारण हरलेले राज्य त्याचे होते. राज्यद्रोहाच्या कथेत प्रेयसीची मिठी हा निकाल ठरू शकत नाही. नायकाला वस्तीसमोर उभे राहावे लागेल आणि वस्तीतल्या काहींनी त्याला कधीच क्षमा करू नये. एखाद्या म्हातारीने कादंबरीच्या शेवटच्या पानावरही त्याच्या हातचे पाणी नाकारले, तर ते पान अधिक खरे होईल. कादंबरीकारांचा क्षमेचा सोस जेथे या म्हातारीला विसरतो तेथे आपला राग मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न : दगा देणाऱ्या नायकाने शेवटी नायिकेसाठी प्राण द्यावेत, म्हणजे त्याचे प्रायश्चित्त पूर्ण होईल. आपले मत?

उत्तर : मला हा शेवट पटत नाही. मेलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारू शकत नाही आणि त्याला रोज सकाळी उठून कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. प्राणत्यागाचा प्रसंग लिहायला सोपा आणि वाचायला हृदयद्रावक असतो. परंतु त्यात नायिकेला पुन्हा एकदा, आणि या वेळी कायमचे, मागे टाकले जाते. त्याला जगू द्यावे.

प्रश्न : दुसऱ्या भागाचा शेवट विवाहाने करावा की भेटीने? वाचक मोठ्या समारंभाची अपेक्षा करतात. — एक नवलेखक, सीताबर्डी

उत्तर : समारंभ करावयाचा असेल तर अवश्य करावा, वाचकाने दोन भाग वाट पाहिली आहे आणि त्याला आनंद मागण्याचा हक्क आहे. वनपर्वातही नल परतल्यावर नगर सजते, रस्त्यांवर सडे पडतात, लोक आनंदतात. परंतु त्याच्या आधी व्यासांनी एक रात्र ठेवली आहे. वायूने दमयंतीच्या तीन वर्षांच्या निष्ठेची ग्वाही दिलेली आहे, नलाने नागाने दिलेले वस्त्र पांघरून आपले मूळ रूप मिळवले आहे, तिने त्याचे मस्तक छातीशी धरले आहे. त्यानंतरची ती सारी रात्र, ग्रंथात म्हटले आहे, की दोघांनी पूर्वीच्या गोष्टी बोलत, वनात कोणी कोठे भटकले ते एकमेकांना सांगत घालवली.

ती रात्र एका श्लोकात आटोपली आहे. अजगराची गोष्ट तिने कशी सांगितली असेल, कापलेले अर्धे वस्त्र पुढे कोठे गेले हे त्याने सांगितले असेल का, कोणत्या गोष्टीपाशी दोघांपैकी एकाला बोलणे थांबवावे लागले असेल, यांतले काहीही तेथे नाही. आधी कोण बोलले, हेसुद्धा नाही. आपण समारंभाचे प्रकरण लिहिण्यापूर्वी ही रात्र लिहून पाहावी आणि मला पाठवावी. प्रतापनगरच्या ताईंनाही हेच सांगणे आहे.